डीची रेघ

चुना मी मारतो.
चौदा वर्सं झाली. जानेवारीत, पहाटे पाचले,
सुतळी ताणून, भोकं पाडलेल्या डालड्याच्या डब्यानं.
पैसे कोणी देत नाही. फोटोत कोणी घेत नाही.
पन मैदान मी लिहितो,
म्हून वाचतोही मीच.

साखळीत आपले पोट्टे वाघ.
आष्टीले पाच, तळेगावले सात,
रोहण्याच्या शाळेतल्या लेकरायले तर नऊ,
पाहतानी लाज वाटली.
विश्वदीप ढोणे स्टिकवर चेंडू असा नाचवे
का सरपंच खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवे.
त्या आठवड्यात पोह्यावर तर्री बी दुप्पट पडे.

मंग सेमीफायनल येते.
दरसाली येते, पोळा येते तशी.
डेपोवाले ट्रकातून उतरतात, बोलत नाहीत,
केळं खातात, साल खिशात ठेवतात.
तेवढं पाहूनच आपल्यायचे खांदे खाली.

पाचव्या मिनिटाले त्यायच्या बॅकनं
विश्वदीपच्या बरगडीत खांदा देल्ला,
बंद दार लोटावं तसा.
शिट्टी नाही.
आता एकानं तरी जावं ना बाप्पा!
मारू नोको, शिवी देऊ नोको,
नुसतं जाऊन उभं राहावं त्याच्यापुढं,
त्याच्या श्वासाचा वास येईन इतकं जवळ.
दहाच्या दहा आपापल्या मोज्याकडं पाहून राह्यले होते.
कप्तान पंचाले विचारे, टाइम किती झाला, सर?

पेनल्टी कॉर्नर भेटला एक.
चेंडू आला, चांगला आला,
अन् आपला अतुल नेहारे पाय वाचवून बाजूले झाला,
रस्त्यावर गाय आली का सायकल वळवावी
तसा, सवयीनं.

मॅनेजर येंडे वरडला, "बांगड्या भरा रे, बांगड्या!"
चहाच्या गंजातून मान वर न करता
अनसूया मडावी म्हने,
"माह्या हातात बारा हायेत, येंडेभाऊ.
रोज जिनिंगमधी गठाणी ढकलतो मी.
बांगड्यायचं नाव काढू नोको."
सारे हासले.
तीन-शून्य झाल्यावर कोणी हासलं नाही.

मंग भाषण. पोट्टे छान खेळले, नशीब नोतं.
स्टीलचे डबे वाटले.
नशीब! गेल्या साली बी नोतं,
त्याच्या आंधी पाऊस झाला होता, त्याच्या आंधी पंच डेपोचा.
मी आयकलं नाही. मी रेघा पाहाले गेलो.

आपल्या अंगचा डी सापडेच ना.
दळणाचा डबा लवंडून त्यावरून बैल जावे, तसा.
तिकडचा मातर
पहाटे मारला तसाच, कोरा, करकरीत.
रेघेच्या अलीकडं, इतभर अलीकडं,
बुटाचे ठसे. आलेले. थांबलेले. वळलेले.
बारा मोजले, मंग मोजनं सोडलं.

एका जागी मातर रेघ फाटली होती.
डाव्या कोपऱ्याले, हातभर,
कोणी अंगानं घासत आत गेल्यासारखी.
कोण गेलं? कवा?
आठवून पाह्यलं. शेवटचे चार मिनिट
कोणतं तरी नवं पोट्टं उतरवलं होतं,
ढिल्ल्या बुटाचं.
तवा खुर्च्यावाले खुर्च्या उचलत होते,
येंडे फोनवर होता,
विश्वदीपच्या बापानं गाडी चालू केली होती.
अन् मी, चौदा वर्सं मैदान वाचनारा,
पाठ फिरवून सुतळी गुंडाळत होतो.

अनसूयाच्या चुलीपाशी बसला होता तो.
चहा फुकून फुकून पीत.
गुडघा सोलला होता, रगतात माहाच चुना.
मी म्हटलं, धून घे लेका, झोंबन.
नावही माहीत नोतं मले त्याचं.
तो म्हने,
"झोंबूनच राह्यलं, काका."
अन् बशीत अजून थोडा चहा ओतला.